सावली आहे, पण ती चंद्राची स्वतःचीच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात जिल्ह्याच्या पानावर एका शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनाचा फोटो आला होता. थर्मोकोल, बल्ब आणि दोन बॉल वापरून एका मुलाने केलेलं मॉडेल, त्याला पहिलं बक्षीस, आणि खाली ओळ होती की पृथ्वीच्या सावलीमुळे चंद्राच्या कला कशा होतात ते या मॉडेलमधून दाखवलंय. मी तो फोटो दोनदा बघितला, मग मोबाइलवर ई-पेपर उघडून मोठा करून बघितला. मुलाचं काम सुबक होतं, वायरिंग नीट, रंग छान, अक्षर तर इतकं सुंदर की लेबलं सगळी वाचता येत होती. आणि ती वाचली तेव्हाच मला राहवेना. पृथ्वीच्या मागे, म्हणजे बल्बच्या विरुद्ध बाजूला, जिथे सावली पडते तिथे लिहिलेलं अमावस्या. आणि बल्ब आणि पृथ्वी यांच्यामधे लिहिलेलं पौर्णिमा. म्हणजे बरोब्बर उलटं.

त्या मुलाचा यात काही दोष नाही हे आधीच सांगते. त्याला कुणीतरी तसं सांगितलं असणार, परीक्षकांनी बक्षीस दिलं, पेपरने फोटो छापला, सगळे मोठेच. आणि हा गैरसमज काही त्या एका शाळेचा नाही, मी अलिबागला गेली अठरा वर्षं घरी पाचवी ते सातवीचे क्लास घेते आणि दरवर्षी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी विचारते की चंद्र लहानमोठा का दिसतो, तर वर्गातले निम्म्याहून जास्त हात "पृथ्वीची सावली" म्हणून वर येतात. पालकांना विचारलं तरी तेच. चांगले शिकलेले, इंजिनिअर झालेले लोकही हेच सांगतात. पण यावेळी वाईट एवढ्यासाठी वाटलं की दुसऱ्या दिवशी सहावीतली एक मुलगी ते कात्रण घेऊनच आली. ताई तुम्ही तर सांगितलं होतं सावली नसते, मग पेपरात कसं आलंय? तिच्या दृष्टीने पेपरात छापून आलंय म्हणजे ते खरं, आणि ताई चुकली. म्हणून हे पत्र. थोडं लांबणार आहे, पण कृपया छापा.

कोजागिरी आठवा. गच्चीवर दूध आटवत असतो, रात्री बाराच्या सुमाराला चंद्र डोक्यावर येतो. त्यावेळी सूर्य कुठे असतो? आपल्या पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडे. म्हणजे सूर्य एका बाजूला, चंद्र बरोबर दुसऱ्या बाजूला आणि मधे आपण. पृथ्वीची सावली चंद्रावर पडायची तर ती याच दिवशी पडू शकते, कारण सावली नेहमी उजेडाच्या उलट दिशेलाच असते. आणि त्याच दिवशी तर चंद्र सगळ्यात मोठा, सगळ्यात पांढरा, दुधात बघून नमस्कार करावा असा दिसतो. सावलीवाल्यांच्या हिशोबाने कोजागिरीला अंधार पाहिजे होता ना?

उलट अमावस्या हा शब्दच बघा. अमा म्हणजे एकत्र, सोबत, आणि वस म्हणजे राहणं. ज्या दिवशी सूर्य आणि चंद्र एकत्र राहतात तो दिवस. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांना पक्कं माहीत होतं की त्या दिवशी चंद्र सूर्याच्याच बाजूला असतो, त्याच्याबरोबरच उगवतो, त्याच्याबरोबरच मावळतो. पृथ्वीची सावली त्यावेळी भलतीकडे, आकाशाच्या उलट्या टोकाला. मग चंद्र दिसत का नाही, तर त्याची उजेडातली बाजू सूर्याकडे आणि अंधारातली आपल्याकडे. एवढंच.

आणि हे आपल्याकडे किती जुनं आहे. आर्यभटाने इ.स. 499 मध्ये, तेव्हा तो अवघा तेवीस वर्षांचा होता, लिहून ठेवलंय की पृथ्वी, चंद्र, ग्रह हे सगळे गोल स्वतःच्याच सावलीने अर्धे काळे असतात आणि सूर्याकडे तोंड केलेला अर्धा भाग उजळतो. स्वतःच्याच सावलीने, हे शब्द नीट वाचा. आणि त्याच्यानंतर सहाव्या शतकात वराहमिहिराने तर उदाहरणच दिलं, चंद्र कसा, तर उन्हात ठेवलेल्या घड्यासारखा. एक बाजू पांढरी, दुसरी स्वतःच्या सावलीत. दीड हजार वर्षांपूर्वी ज्याला घड्याचं उदाहरण सुचलं त्याच्या देशात आज पोरांना थर्मोकोलवर चुकीचं शिकवलं जातंय याचं मला खरंच दुःख होतं.

तर मी त्या रविवारी तेच केलं. आमच्याकडे एक गळका माठ पडून होता, त्याला बाहेरून चुना लावला, अंगणात प्लास्टिकचा ड्रम उपडा टाकून त्यावर ठेवला म्हणजे मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला आला. सकाळी साडेसात-आठचं ऊन, तिरकं. अकरा मुलं माठाभोवती गोल उभी केली, तीन-चार हातांवर. ज्याच्या पाठीवर ऊन होतं तो म्हणाला सगळा पांढरा दिसतोय. त्याच्या बरोबर समोरची मुलगी डोळ्यांवर हात धरून उभी, कारण ऊन तोंडावर, ती म्हणाली मला काळाच दिसतोय. दोन बाजूंचे दोघे म्हणाले अर्धा. आणि जिला माठ काळा दिसत होता त्या मुलीच्या शेजारचा, सातवीतला, एरवी फार बोलत नाही तो, हळूच म्हणाला ताई मला कोर दिसते. मग एक एक पाऊल सगळ्यांना सरकायला लावलं, कोरवाला अर्ध्यावर आला, अर्ध्यावरचा पौर्णिमेकडे निघाला, पूर्ण चक्कर झाली. माठ जागचा हलला नव्हता, ऊनही तेच, माठाचा उजेडातला भाग सतत अर्धाच, फक्त बघणाऱ्याची जागा बदलली की त्यातला किती दिसतो ते बदलत होतं. खऱ्या आकाशात आपण उभे असतो आणि चंद्र आपल्याभोवती फिरतो, पण गणित तेच.

त्या सातवीतल्या मुलाला मी म्हटलं माठाला हात लाव. उन्हातली बाजू कोमट लागली, मागची गार. विचारलं ही मागची सावली कुणी पाडली? तो जरा थांबला, आजूबाजूला बघितलं, आणि म्हणाला माठानेच. बास. हेच उत्तर आहे. याच्यासाठी बल्ब लागत नाही, वायर लागत नाही, बक्षीस पण लागत नाही.

ज्यांना माठ म्हणजे लहान मुलांचा खेळ वाटतो त्यांनी शुक्ल अष्टमीच्या दिवशी, एखादा दिवस मागेपुढे झाला तरी चालेल, दुपारी साडेचार-पाचला बाहेर पडावं. हो, दुपारी. चंद्र फक्त रात्री दिसतो हा दुसरा गैरसमज. अष्टमीचा चंद्र दुपारी बाराच्या आसपास उगवतो, सूर्य मावळताना डोक्याजवळ असतो आणि मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो. पाच वाजता तो पूर्वेकडे बराच वर, निळ्या आकाशात पांढुरका अर्धा दिसतो, आणि पश्चिमेला सूर्य लख्ख. दोघं एकाच वेळी आपल्या डोक्यावरच्या आकाशात, मधे काही नाही, पृथ्वी आपल्या पायाखाली. आता सांगा पृथ्वीची सावली तिथे पोचणार कशी? त्याच वेळी हातात एखादी गोल वस्तू घ्या आणि हात लांब करून चंद्राच्या शेजारी धरा, उन्हात. मी राजगिऱ्याचा लाडू घेते, कारण तो बाहेर नेला की मुलं आपोआप मागे येतात, आणि दुसरं कारण पुढे सांगते. तर लाडू धरला की लाडूवरही तेवढंच ऊन दिसतं जेवढं चंद्रावर. चंद्र अर्धा तर लाडू अर्धा, त्याच बाजूने उजळलेला, त्याच तिरकेपणाने. चार दिवसांनी, द्वादशीच्या आसपास धरा, चंद्र फुगलेला आणि लाडूही तसाच. हे मी पहिल्यांदा केलं तेव्हा मोठी बाई असून माझ्या अंगावर काटा आला होता, कारण त्या क्षणी कळतं की माझ्या हातातल्या लाडवावर आणि लाखो किलोमीटर लांबच्या त्या गोळ्यावर एकाच सूर्याचं ऊन एकाच बाजूने पडतंय.

दुसरं कारण म्हणजे राजगिऱ्याचे दाणे. लाडू उन्हात धरून नीट बघा, जो भाग थेट उन्हात आहे तिथे दाणे सपाट दिसतात, पण उजेड आणि सावली जिथे मिळतात त्या रेषेवर प्रत्येक दाण्याची बारीक सावली पडून दाणा न् दाणा उठून दिसतो. दुर्बिणीतून अष्टमीचा चंद्र असाच दिसतो, मधल्या रेषेवर खड्डे आणि डोंगर अगदी ठसठशीत, आणि पौर्णिमेला बघाल तर तेच खड्डे पुसल्यासारखे. म्हणजे ती रेषा म्हणजे चंद्रावरची सकाळ. तिथे आत्ता ऊन उगवतंय, तिरकं, माझ्या अंगणातल्या साडेसातच्या उन्हासारखं, म्हणून सावल्या लांब.

आणि ही सकाळ आपण सगळ्यांनी बघितलेली आहे. 23 ऑगस्ट 2023 ला चंद्रयान-3 चं विक्रम लँडर उतरलं, संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी, कुणी टीव्हीसमोर, कुणी मोबाइलवर, शाळांनी मुलांना हॉलमध्ये बसवून दाखवलं. त्या दिवशी तिथी कोणती होती? श्रावण शुद्ध सप्तमी, राखी पौर्णिमा आठवड्यावर. म्हणजे आकाशात जवळपास अर्धा चंद्र होता आणि विक्रम जिथे उतरलं तिथे नुकताच सूर्य उगवलेला होता, मुद्दाम तसाच दिवस निवडला होता, कारण ते यंत्र उन्हावर चालणारं आणि चंद्रावर एका जागी ऊन असतं आपले साधारण चौदा दिवस, मग तेवढीच लांब रात्र. पौर्णिमा होऊन गेली, कृष्ण पक्ष लागला, अंधाराची रेषा त्या जागेकडे सरकायला लागली तसं 4 सप्टेंबरला विक्रमला झोपवलं. आपल्याला इथून जी कला वाढताना आणि कमी होताना दिसते तो तिथला दिवस आणि तिथली रात्र आहे. शाळांनी एवढं जरी त्या हॉलमध्ये सांगितलं असतं तरी किती मुलांना कायमचं कळलं असतं.

आता थोडं माझ्या घरचं सांगते, कारण मला चंद्र कुठल्या पुस्तकाने शिकवला नाही, वडिलांनी शिकवला. ते मासेमारी करायचे, शाळा चौथीपर्यंत. भरतीची वेळ काढायला त्यांना कसलंही कोष्टक लागायचं नाही. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ आली, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. अमावस्या-पौर्णिमेला साडेअकरा-बारा. आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. आमच्या किनाऱ्यासमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जायला येणारे ट्रेकर लोकही हाच हिशोब करतात, कोकणात सगळीकडेच हा चालतो. मला लहानपणी प्रश्न पडायचा की पाऊणच का, अर्धं का नाही? उत्तर पुढे खूप वर्षांनी मिळालं. चंद्र रोज साधारण अठ्ठेचाळीस-पन्नास मिनिटं उशिरा येतो, चोवीस तास भागिले तीस तिथ्या केलं की हेच येतं, आणि पाणी चंद्राच्या मागोमाग चालतं म्हणून तेही रोज तेवढंच उशिरा. त्यालाच वडील पाऊण तास म्हणायचे.

याच पाऊण तासावर संकष्टी उभी आहे. पौर्णिमेला चंद्र सूर्य मावळताना उगवतो, त्यानंतर चौथी तिथी म्हणजे चार पाऊण तास, म्हणजे तीन तास. दिवेलागणीनंतर तीन तास म्हणजे नऊच्या आसपास, कधी साडेआठ, कधी पावणेदहा. भिंतीवरच्या कॅलेंडरात संकष्टीच्या चौकोनात जी चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, गावागावाची वेगळी, ती बघून आपल्या आया-सासवा मोदक करायला घेतात. त्यांना चंद्र कधी कुठून येणार हे पाठ आहे. भाऊबीजेला ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते, आणि तिला कुणी सांगावं लागत नाही की तबक दिवेलागणीच्या आधीच तयार ठेव, कारण बीजेची कोर पश्चिमेला थोडा वेळच टेकते आणि मावळते. रमजानचा चंद्र बघायला आमच्या शेजारचे लोक गच्चीवर जातात तेही सूर्य मावळल्याबरोबर आणि पश्चिमेकडेच तोंड करून. म्हणजे कोर नेहमी सूर्याच्या जवळ, पौर्णिमा नेहमी सूर्याच्या समोर, हे आपल्या सगळ्या घरांना वापरून वापरून माहीत आहे, फक्त ते आणि विज्ञानाचं पुस्तक यांची कुणी गाठ घालून दिली नाही.

तिथीचंही तसंच. तिथी म्हणजे काय विचारलं तर लोक म्हणतात पंचांगातली तारीख. खरंतर सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी होते. तीस तिथ्या, गुणिले बारा, तीनशे साठ, गोल पुरा. हा गोल पुरा व्हायला साडेएकोणतीस दिवस लागतात. म्हणजे तिथी हे चंद्राच्या कलेचंच माप आहे. अष्टमीला दोघांमधे नव्वदच्या आसपास अंश, म्हणजे काटकोन, म्हणून माठ बाजूने बघितल्यासारखा अर्धा चंद्र. आणि याच काटकोनामुळे त्या दिवशी भांगाची भरती असते, सूर्य एकीकडे ओढतो, चंद्र दुसरीकडे, पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही. अमावस्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत म्हणून उधाण. वडील चंद्राचा आकार बघून पाण्याचा जोर सांगायचे, त्यात काही जादू नव्हती, तोच कोन एकदा आकाशात दिसतो आणि एकदा किनाऱ्यावर.

आता कुणी विचारेल की मग पृथ्वीची सावली चंद्रावर कधीच पडत नाही का? पडते ना, त्यालाच चंद्रग्रहण म्हणतात. 7 सप्टेंबर 2025 ला, भाद्रपद पौर्णिमेला, रात्री दहाच्या सुमाराला ती सावली चढायला लागली, अकराला चंद्र पूर्ण सावलीत गेला आणि सव्वाबारा होऊन गेले तरी तिथेच होता, बाऐंशी मिनिटं. पावसाळी ढग होते पण मधून मधून उघडीप मिळाली तेवढं आम्ही बघितलं. ज्यांनी बघितलं त्यांना आठवत असेल, चंद्र त्यावेळी नाहीसा झाला नव्हता, तांब्याच्या भांड्यासारखा लालसर झाला होता, कारण पृथ्वीच्या हवेतून वाकून गेलेला थोडा लाल उजेड तिथे पोचतो. आणि सावलीची कड गोल होती. कितीही वेळा बघा, पृथ्वीच्या सावलीची कड गोलच असते. अष्टमीच्या चंद्राची मधली रेषा मात्र पट्टीने मारल्यासारखी सरळ असते. गोल पृथ्वीची सावली सरळ रेषेत कशी पडेल? शिवाय ग्रहण काही तासांत आटपतं, कला पंधरा दिवस चालते.

दर पौर्णिमेला ग्रहण का नाही, हा पुढचा प्रश्न, आणि इथे चूक पुस्तकातल्या आकृतीमुळे होते असं माझं मत आहे. आकृतीला अर्धं पान, त्यात सूर्य, पृथ्वी, चंद्र सगळे शेजारी शेजारी बसवलेले, मग मुलांना वाटतं सावली पडणारच. मी व्हरांड्यात एक सोललेला नारळ ठेवते, बारा सेंटिमीटरचा. ही पृथ्वी. मग चंद्र किती पाहिजे, तर सव्वातीन सेंटिमीटरचं छोटं लिंबू. मुलांना सांगते हे लिंबू नारळापासून बरोबर किती लांब ठेवाल? सगळे एक वीतभर लांब ठेवतात. खरं अंतर आहे जवळपास बारा फूट. चंद्र 3,84,400 किलोमीटर लांब आहे, म्हणजे आपल्यासारख्या तीस पृथ्व्या ओळीत मांडाव्या लागतील. बारा फुटांवर त्या नारळाची सावली उरते जेमतेम नऊ सेंटिमीटर रुंद, आणि चंद्राची वाट पाच अंशांनी तिरकी असल्यामुळे लिंबू फिरता फिरता त्या सावलीच्या रेषेपासून एक फूट वर किंवा एक फूट खाली जाऊ शकतं. बहुतेक पौर्णिमांना ते सावलीच्या वरून नाहीतर खालून निघून जातं. ज्या दोन जागी ही तिरकी वाट सूर्याच्या वाटेला छेदते त्यांनाच आपल्या ज्योतिर्गणितात राहू आणि केतू म्हणतात, आणि पौर्णिमा त्या जागांच्या जवळ आली तरच ग्रहण. ते लिंबू बारा फुटांवर, व्हरांड्याच्या पार टोकाला, एवढंसं दिसायला लागलं की मुलं एकदम गप्प होतात. मला तो क्षण फार आवडतो.

अजून एक गोष्ट, ती तुमच्या पेपरशी संबंधित आहे. पुस्तकातली चंद्रकोर नेहमी उभी, इंग्रजी सी सारखी किंवा उलट सी सारखी. आपल्या इथे फाल्गुन-चैत्रात संध्याकाळची कोर जवळजवळ आडवी असते, होडीसारखी, आमच्या कोळीवाड्यातली पोरं होडीच म्हणतात तिला. भाद्रपद-अश्विनात ती बऱ्यापैकी कललेली दिसते. आणि माझी मावसबहीण सिडनीला असते, तिने भाऊबीजेला फोटो पाठवला तर तिकडे कोर आपल्या उलट बाजूने, डावीकडून उजळलेली, कारण ती पृथ्वीच्या खालच्या अर्ध्या भागात उभी राहून बघते. कोर कशीही कलली तरी तिचा फुगीर भाग मात्र कायम सूर्याकडे असतो, मावळल्यावरसुद्धा, सूर्य कुठे गेला ते कोर बोट दाखवल्यासारखी दाखवते. आणि कोरीच्या पोटात चांदणी काढलेली चित्रं मुलं काढतात, मोठेही काढतात, पण तिथे तर चंद्राचा काळा भाग आहे, त्याच्या पलीकडची चांदणी दिसणार कशी? बीजेला-तीजेला नीट बघितलं तर तो काळा भाग अंधुक राखाडी दिसतोही, पृथ्वीवरून परत गेलेल्या उजेडाने. त्या दिवशी चंद्रावर उभं राहून बघितलं तर आपली पृथ्वी जवळजवळ पूर्ण गोल दिसेल, तिकडची पौर्णिमाच म्हणा, आणि तिचं चांदणं चंद्राच्या रात्रीवर पडलेलं आपल्याला इथून दिसतं. हे मुलांना सांगितलं की ती बीज चुकवत नाहीत.

आमच्या मुलांना शिवाजी महाराजांची राजमुद्रा पाठ आहे, शाळेत म्हणून घेतात, चांगलंच आहे. प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुः, प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी. मी विचारते ही कोर कुठल्या दिशेला, किती वाजता दिसेल, उद्या कुठे असेल? घडाघडा म्हणणाऱ्या मुलांना सांगता येत नाही, कारण त्यांनी ती कधी बघितलेलीच नाही. त्यांना बाहेर नेऊन दाखवायला किती वेळ लागतो? सूर्य मावळल्यावर दहा मिनिटं. प्रतिपदेची दिसणं कठीण, पण बीजेची दिसते, तीजेची तर नक्कीच, आणि रोज त्याच वेळी बघितलं तर ती रोज वर सरकलेली आणि रोज जाड झालेली. वर्धिष्णू म्हणजे काय ते पंधरा दिवसांत डोळ्यांना कळतं.

म्हणून तुमच्याकडे तीन मागण्या आहेत. एक, त्या फोटोखालची ओळ चुकली होती असं छोटंसं का होईना छापा, मुलाचं नाव न घेता, त्याच्या मेहनतीबद्दल दोन चांगले शब्द लिहून. दुसरी, पेपरात राशिभविष्याला रोज जागा असते, त्याच्याच शेजारी बोटभर जागेत आजची तिथी, चंद्र किती वाजता उगवणार, किती वाजता मावळणार आणि त्याचं छोटं चित्र द्या, पण चित्र महाराष्ट्रातून जसं दिसतं तसंच, कललेलं असेल तर कललेलं, आडवं असेल तर आडवं, कुठल्यातरी परदेशी वेबसाइटवरून उचललेलं उभं नको. मुलं ते बघून वर बघतील आणि जुळतंय का तपासतील. तिसरी विनंती तुमच्यामार्फत शाळांना, हा धडा आला की वर्गात फळ्यावर आकृती काढायच्या आधी एक महिना मुलांच्या वहीत रोजचा चंद्र काढून घ्या, वेळ आणि दिशा लिहून, कृष्ण पक्षात सकाळी शाळेत येता येता दिसतो तोही. पावसाळ्यात जमणार नाही, दिवाळीनंतर घ्या, आकाश स्वच्छ असतं.

ते कात्रण आणणाऱ्या मुलीने आता स्वतः वही घातलीये. पहिल्या पानावर तिने कात्रण चिकटवलंय आणि खाली पेन्सिलने लिहिलंय, अष्टमीला लाडू घेऊन तपासणे. येत्या शुक्ल अष्टमीला साडेचार वाजता आम्ही किनाऱ्यावर कुलाबा किल्ल्याच्या समोर असणार आहोत. ज्या मुलाने ते मॉडेल केलं त्याला आणि त्याच्या सरांना यायचं असेल तर जरूर यावं, लाडू आम्ही आणतो.

आपली,
एक नियमित वाचक, अलिबाग